पकडणारे वेगळे, बोलणी करणारे वेगळे : ठाण्यातल्या एका वस्तीच्या शांतता दलाचं प्रकरण

पार्श्वभूमी

ही हकीकत ठाणे शहरातल्या, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याकडून वर चढत गेलेल्या एका वस्तीची आहे. वस्तीचं, गल्ल्यांचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही. ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. मी विधी स्वयंसेवक म्हणून या वस्तीत जात होते, आजही जाते. त्यामुळे हे लांबून पाहिलेलं नाही, आणि यातल्या काही चुका माझ्याही आहेत.

खालच्या गल्ल्यांत सातारा-सांगलीकडची आणि कोकणातली जुनी घरं. एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, 1962 साली स्थापन झाली आणि वागळे इस्टेट ही तिची पहिली औद्योगिक वसाहत. त्या कारखान्यांत लागलेल्या पिढीची ही घरं. मधल्या भागात मराठवाड्यातून आलेली कुटुंबं, आणि अगदी वर, जिथे पाण्याचा दाब पोचत नाही तिथे, उत्तर प्रदेशातून आलेली. कारखाने एकेक करून बंद पडले. आता घरटी कुणी रिक्षा चालवतं, कुणी सोसायटीत सिक्युरिटीला आहे, बायका घोडबंदर रोडच्या टॉवरांत स्वयंपाकाला जातात.

मार्च 2022 मध्ये ठाणे महापालिकेची मुदत संपली आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी 2026 मध्ये झाली. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासक. तुंबलेलं गटार घेऊन नगरसेवकाच्या दारात जायची सवय असलेल्या लोकांना जायला दारच उरलं नाही. वस्तीसभा निघाली ती यातून. 74 व्या घटनादुरुस्तीने शहरांना प्रभाग समित्या दिल्या, आणि 2009 मध्ये राज्याच्या महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आली. मतदारांनी आपल्या भागापुरतं एकत्र बसून प्राधान्य ठरवावं, ही तिच्यामागची कल्पना. या वस्तीत तशी सभा कुणी कधी बोलावली नव्हती. मग एका शिबिरात काही जणांनी गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाबद्दल, ग्रामसभेतून स्वतःचा कारभार चालवणाऱ्या गावाबद्दल, ऐकलं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही तिथली घोषणा. पुढच्याच आठवड्यात समाजमंदिराच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिलं गेलं : ‘आमच्या वस्तीत आम्हीच सरकार’.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सभा. प्रत्येक गल्लीतून दोघं, त्यात एक बाई असलीच पाहिजे. निर्णय शक्यतो सगळ्यांच्या संमतीने. नळाच्या वेळा, शौचालयाची साफसफाई, बंद पडलेले दिवे, ही कामं या सभेने चांगली केली. शौचालयाच्या चाव्या कुणाकडे राहायच्या यावर तीन सभा गेल्या. पण ठरल्यावर ते टिकलं. अध्यक्षपद एका बाईंकडे आलं. सगळे त्यांना मावशी म्हणतात, मीही तसंच लिहिते.

प्रश्न कुठून सुरू झाला

2024 च्या पावसाळ्यात चोऱ्या वाढल्या. खिडकीच्या गजातून हात घालून मोबाइल, रिक्षांच्या बॅटऱ्या, पाण्याच्या मोटरची तांब्याची वायर. रिक्षावाल्याची बॅटरी गेली की त्या दिवसाचा धंदा गेला, वर नवीन बॅटरीचं कर्ज. शिवाय नाल्याच्या कडेला गावठी दारूचा अड्डा होता आणि संध्याकाळी सातनंतर मुली त्या वाटेने जात नसत. पोलीस ठाण्यात गेलं की बहुतेक वेळा एनसी, म्हणजे अदखलपात्र म्हणून नुसती नोंद, घेतली जाई, क्रमांकाचा कागद मिळे, पुढे काही हालत नसे. बीटचा हवालदार भला माणूस होता, पण त्याच्या एकट्याच्या वाट्याला अशा कितीतरी वस्त्या.

ऑगस्टच्या सभेत विषय निघाला : पाणी आपण सांभाळतो, शौचालय सांभाळतो, मग सुरक्षा का नाही?

मांडले गेलेले पर्याय

पहिला पर्याय पोलिसांकडे रात्रीच्या गस्तीची मागणी करण्याचा. तसा अर्ज सह्यांसह दिला. पंधरा दिवस गाडी आली, मग गणपतीचा बंदोबस्त लागला आणि बंद झाली.

दुसरा, पोलीस मित्र म्हणून तरुणांची नावं ठाण्यात नोंदवायची. साहेब तयार होते. पण नाव, आधार, चारित्र्य पडताळणी हवी होती. पुढाकार घेणाऱ्या पोरांपैकी दोघांवर जुन्या भांडणाच्या एनसी होत्या. ‘आम्ही नाव दिलं की उद्या काहीही झालं तरी आधी आम्हालाच उचलणार,’ असं ते म्हणाले. या भीतीला आधार होता, तिला नुसती सबब समजू नये.

तिसरा पर्याय स्वतःचं दल. इथे सभा तापली. कुंडलच्या बाजूचे एक आजोबा उठले. त्यांचे वडील प्रतिसरकारच्या तुफान सेनेत होते, असं ते सांगत आले आहेत. 1942 च्या चळवळीनंतर, 1946 पर्यंत, साताऱ्याच्या प्रतिसरकारने, म्हणजे इंग्रजी राज्याला समांतर चालवलेल्या सरकारने, गावोगाव न्यायदान मंडळं चालवली, दरोडेखोरांना जरब बसवली, सावकारांचे तंटे मिटवले. आजोबांचं म्हणणं सरळ होतं : ‘आमच्या बापजाद्यांनी इंग्रजाला न विचारता गावं राखली. तुम्हाला एक गल्ली राखता येईना?’ टाळ्या पडल्या.

उत्तर एका मध्यमवयीन बाईंनी दिलं. त्या जागेवरूनच म्हणाल्या, ‘आजोबा, तेव्हा पोलीस इंग्रजाचा होता. आता वाईट असला तरी आपलाच आहे. त्याला सुधारायचा का त्याच्याशिवाय करायचं, एवढंच सांगा.’ आणखी एक गोष्ट सभेत कुणी काढली नाही, ती मी नंतर आजोबांशी बोलले. प्रतिसरकारला ‘पत्री सरकार’ हे नाव पडलं ते तळपायांवर मारण्याच्या शिक्षेवरून, असं सांगतात. त्या लढ्याबद्दल मला अतोनात आदर आहे. पण सगळं राज्यच परकं असताना उभारलेली यंत्रणा आणि संविधानाने हक्क दिलेल्या वस्तीची गस्त, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मी त्या सभेत भिवंडीचं उदाहरण दिलं. आपल्याच जिल्ह्यातलं शहर. 1970 आणि 1984 मध्ये तिथे भीषण दंगली झाल्या. त्यानंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या, आणि डिसेंबर 1992-जानेवारी 1993 मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्या समित्यांत दोन्ही समाजांची साधी माणसं पोलिसांबरोबर नियमित बसत, छोट्या कुरबुरी छोट्या असतानाच निघत. त्या समित्यांचं बळ ओळखीत होतं, काठीत नव्हतं. हे मी सांगितलं, पण थोडक्यात. लेखी नियम ठरल्याशिवाय गस्त सुरू करू नका, हे ठासून म्हणायला हवं होतं. ते मी म्हटलं नाही. पोरांचा उत्साह मोडावासा वाटला नाही.

सभेने तिसरा पर्याय घेतला. सोळा तरुण, रात्री अकरा ते चार, दोन पाळ्या. शिट्ट्या, टॉर्च, काठ्या आणि काळे टी-शर्ट. पाठीवर छापलं होतं : ‘शांतता दल’.

पहिले तीन महिने

चोऱ्या खरोखर कमी झाल्या. रात्री प्रसूतीच्या बाईला दलातल्या पोरांनी खांद्यावरून खाली रस्त्यापर्यंत आणलं. लोक चहा पाजू लागले. अशा वेळी कुणाला प्रश्न विचारावेसे वाटत नाहीत, आणि प्रश्न विचारायची वेळ नेमकी तीच असते.

हळूहळू दलाचं काम सरकत गेलं. रात्री उशिरा येणाऱ्याला ‘कुठून आलास’ विचारणं सुरू झालं. पाण्याच्या टाकीजवळ बोलत बसलेल्या मुलामुलीला घरी नेऊन आईबापांसमोर उभं केलं. वरच्या गल्लीतल्यांना जास्त वेळा अडवलं जाऊ लागलं. ‘ते ओळखीचे नाहीत’ हे कारण, आणि ते ओळखीचे नव्हते कारण दलात वरच्या गल्लीतलं कुणीच नव्हतं. सोळातला एकही नाही. दल निवडताना ही गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आली नाही.

ऑक्टोबरमध्ये दलाने दारू विकणाऱ्या बाईला सभेपुढे आणलं आणि सभेने तिला पाच हजार रुपये दंड लावला. दंड भरेपर्यंत तिला सार्वजनिक नळावर येऊ द्यायचं नाही, असंही ठरलं. बाई विधवा. तिने कानातलं गहाण टाकून पैसे भरले. मी त्या सभेला नव्हते. कळल्यावर मावशींना कायदा सांगितला. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने 2016 चा कायदा केला, तो जुलै 2017 पासून लागू आहे, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. हा कायदा जातीच्या किंवा पंथाच्या पंचायतींना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला आहे. वेगवेगळ्या जातींच्या मिश्र वस्तीसभेला तो तसाच्या तसा लागेल का, यावर वकील वाद घालतील. पण पाणी तोडून पैसे वसूल करणं हे जातपंचायत करते तेच आहे, नाव फक्त वस्तीसभा. शिवाय हातभट्टी हा दारूबंदी कायद्याखालचा गुन्हा. त्याचा दंड लावायचा अधिकार सभेला नाही आणि कारवाई राज्य उत्पादन शुल्क खात्याची किंवा पोलिसांची. मावशींना पटलं. पण पैसे परत द्यायचा ठराव ‘पुढच्या सभेत बघू’वर राहिला.

ती रात्र

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. पहाटे पावणेदोनला दलातल्या दोघांना वरच्या गल्लीकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर एक मुलगा दिसला. एकोणीस वर्षांचा, खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेलं जड काहीतरी. शिट्टी वाजली म्हणून तो पळाला, आणि पळाला म्हणून तो चोर ठरला. गोणपाटात रिक्षाची बॅटरी निघाली.

पाच मिनिटांत सात-आठ पोरं जमली. त्याला समाजमंदिराच्या लोखंडी जाळीला कपडे वाळत घालायच्या नायलॉनच्या दोरीने बांधलं. थपडा, मग पट्टा. एकाने व्हिडिओ काढला. दलप्रमुखाचा बेत असा होता की सकाळपर्यंत असाच ठेवू आणि सभेसमोर उभा करू. त्याच्या डोक्यात हे अन्यायाचं नव्हतंच. त्याच्या मते चोर पकडला गेला होता, आणि ‘पोलिसांकडे दिला तर दुपारपर्यंत सुटेल’.

शेजारच्या खोलीतल्या मुलीने मावशींना फोन केला. मावशी दोन बायकांना उठवून वीस मिनिटांत पोचल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला : ‘चोरताना कुणी बघितलं?’

कुणीच नाही.

त्यांना तेव्हा माहीत नव्हतं, पण कायद्याचाही पहिला प्रश्न हाच आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 नुसार साधा नागरिक कुणाला धरू शकतो, पण गुन्हा त्याच्या डोळ्यांदेखत घडलेला हवा, तो दखलपात्र आणि अजामीनपात्र हवा, किंवा ती व्यक्ती घोषित गुन्हेगार हवी. आणि धरल्यावर विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांच्या हवाली करायची. जुन्या संहितेत कलम 43 होतं, त्यात सहा तासांची मर्यादा नव्हती. संशय, पळणं, गोणपाट, यातलं काहीही त्या कलमात बसत नाही. बांधणं आणि मारणं तर चोर खरा असला तरी गुन्हाच.

मला फोन आला तेव्हा दोन चाळीस झाले होते. मावशींपुढे तीन वाटा होत्या. सकाळपर्यंत ठेवायचं, म्हणजे दलाचं ऐकायचं. गुपचूप सोडून द्यायचं आणि ‘झालं गेलं’ म्हणायचं. दलातली काही पोरं आता घाबरून हेच सुचवत होती. किंवा 112 ला, पोलिसांच्या मदत क्रमांकाला, फोन करायचा, म्हणजे आपल्याच पोरांवर गुन्हा ओढवून घ्यायचा. मी म्हटलं 112 करा, दोरी सोडा, आणि तो व्हिडिओ कुणाला पुसू देऊ नका. शेवटचं वाक्य बोलताना मला ठाऊक होतं की हा पुरावा आमच्याच मुलांविरुद्ध आहे. मावशी क्षणभर गप्प राहिल्या. मग ‘बरं’ म्हणाल्या.

दोरी सोडायला पोरं तयार नव्हती. हा पळाला तर वरून पन्नास माणसं घेऊन येईल, ही भीती. मावशी म्हणाल्या, ‘दोरी सोडा. मी बसते त्याच्याशेजारी. पळाला तर माझ्या नावावर.’ आणि त्या पायरीवर त्याच्या शेजारी बसल्या. ओठ फुटला होता, एक भुवई फाटली होती. त्याने पाणी मागितलं, तेही हिंदीत, हळू. मावशींनी तांब्या स्वतः धरला कारण त्याच्या हातांना मुंग्या आल्या होत्या.

त्याच्या घरी कळवायचं की नाही, हा पुढचा पेच. रात्री तीनला वरच्या गल्लीत ‘तुमच्या पोराला मारलंय’ असा निरोप गेला तर काय होईल? आणि गेला नाही तर सकाळी काय होईल? मावशींनी निरोप पाठवला, पण दलातल्या कुणालाही न पाठवता त्या दोन बायकांना पाठवलं. मुलाचा मामा खाली आला. त्याच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक बिल आणि वॉरंटी कार्ड. कार्डावरचा आकडा आणि बॅटरीवर कोरलेला आकडा टॉर्चखाली ताडून पाहिले. एकच. बॅटरी मामाची होती. मुलगा हमरस्त्यावरच्या बॅटरीच्या दुकानात कामाला होता, तिथे ती चार्जिंगला लावली होती. पहाटे चारला मामाची स्टेशनची पाळी होती म्हणून काम आटपून तो ती घेऊन निघाला होता.

तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. मुलाला कळव्याला महापालिकेच्या रुग्णालयात नेलं. तीन टाके पडले.

सकाळचा नळ

पाणी साडेपाचला येतं. तोवर व्हिडिओ दोन्हीकडच्या मोबाइलवर फिरला होता, आणि वरच्या गल्लीत अफवा होती की मुलगा गेला. खालच्या गल्लीत अफवा होती की वरचे लोक सळया घेऊन येताहेत. मराठी विरुद्ध भय्ये असा रंग चढायला फार तर अर्धा तास लागला असता. शहरात हा रंग चढवायला टपलेले कमी नाहीत.

या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत शिकण्यासारखं वाटतं ते त्या सकाळी मावशींनी केलेलं. पाच वाजता त्यांनी तीन गोष्टी ठरवल्या. दलातला एकही मुलगा नळावर दिसायचा नाही. खालच्या गल्लीतला एक जुना कामगार आणि वरच्या गल्लीतला दूधवाला, दोघांनी मिळून दार न् दार फिरून एवढंच सांगायचं की मुलगा जिवंत आहे, शुद्धीत आहे, मामा त्याच्याजवळ आहे. दोघांनी एकत्रच जायचं, वेगवेगळं नाही, म्हणजे कुणी ‘हा त्यांचा माणूस’ म्हणणार नाही. आणि बीट हवालदाराला फोन : ‘भाऊ, गणवेशात या, पण नळावर उभे राहू नका. चहाच्या टपरीशी थांबा. दिसाल एवढं पुरे.’

मग त्यांनी रांग लावली. पहिला हंडा त्या मुलाच्या आईचा. ती बाई आली नव्हती, तिचा हंडा शेजारणीने आणला होता. दुसरा मावशींचा. त्यानंतर वरचा एक, खालचा एक. दहा-बारा बायका पदर खोचून रांगेच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या. वरून पंधरा-वीस तरुण उतरले, शिव्या झाल्या, एकाने दगड उचलला. त्याच्याच चुलतीने तो त्याच्या हातातून काढून घेतला. सातला पाणी गेलं. हंडे भरले होते आणि कुणाचं डोकं फुटलं नव्हतं.

शांतता दलाचे सोळा टी-शर्ट तीन महिन्यांत जे करू शकले नाहीत ते नळावरच्या बायकांनी दीड तासात केलं, कारण त्या दोन्हीकडच्या माणसांना नावानिशी ओळखत होत्या.

सभेने काय ठरवलं

चार तरुणांवर मारहाण आणि डांबून ठेवल्याचा गुन्हा दाखल झाला. त्याच संध्याकाळी दल स्थगित झालं. रविवारची सभा तीन तास चालली आणि सगळ्यात कडू वाद पैशांवर झाला. चौघांच्या आया म्हणत होत्या, ‘आमची पोरं वस्तीसाठी जागत होती. वकिलाचा खर्च सभेने करावा.’ हे म्हणणं पोकळ नव्हतं. दल सभेनेच नेमलं होतं. शेवटी ठरलं की सभेच्या निधीतून मुलाचा औषधोपचार आणि बुडालेला रोज दिला जाईल, आरोपींचा वकील नाही. वकिलासाठी मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून देईन. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्याला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला 1987 च्या कायद्याखाली मोफत वकील मिळतो. निर्णय मला बरोबर वाटतो. पण त्यापायी एक गल्ली चार महिने सभेत आली नाही. त्याच सभेत दारूवाल्या बाईचे पाच हजार परत देण्याचा ठराव झाला, आणि सभा कुणालाही, कशाबद्दलही, दंड लावणार नाही असं लिहून ठेवलं गेलं.

नवे नियम बसवायला जानेवारी उजाडला. मुख्य गोष्ट एकच होती, बाकी सगळं तिच्यातून निघालं : जो गस्त घालतो तो निवाड्याला बसणार नाही, आणि जो बोलणी घडवतो तो गस्तीवर जाणार नाही. आधी पकडणारा, आरोप करणारा, शिक्षा सुनावणारा आणि दंड मोजून घेणारा एकच गट होता. वाईट माणसं नसतानाही असा गट वाईट वागू लागतो, हे आम्ही पाहिलं होतं.

गस्तीचे लोक आता शिट्टी वाजवतात, दिवा टाकतात, 112 लावतात आणि वहीत लिहितात. अंगाला हात लावायचा नाही, झडती नाही, ओळखपत्र मागायचं नाही, कुणाचा व्हिडिओ पसरवायचा नाही. काठ्या आणि टी-शर्ट बंद. नावं पोलीस मित्र म्हणून ठाण्यात दिली. जुनी एनसी असलेल्या दोघांपैकी एकाला साहेबांशी बोलून घेतलं, दुसऱ्याने स्वतःच नको म्हटलं. गस्तीत आता चार बायका आहेत आणि वरच्या गल्लीतली पाच माणसं.

वही साधी, शंभर पानी, रेघांची. वेळ, जागा, काय दिसलं, काय केलं. ‘संशयित’ हा शब्द लिहायचा नाही, दिसलं तेच लिहायचं. एका पानावर आधी ‘संशयास्पद इसम’ लिहून खोडलंय आणि पुढे लिहिलंय : ‘उंच माणूस, हातात डबा, शौचालयाकडे गेला.’ वही गस्तीतल्या कुणाकडे नसते. ती पिठाच्या गिरणीत राहते आणि दर महिन्याला सभेत मोठ्याने वाचली जाते.

बोलणी मंडळ पाच जणांचं, त्यात तीन बायका. दोन्ही पक्षांची इच्छा असेल तरच बसायचं, कुणीही मधेच उठून पोलिसांत जाऊ शकतं, आणि समेट झाला तर तो फक्त लिहून सह्या घ्यायच्या. 2023 च्या मध्यस्थता कायद्यात सामुदायिक मध्यस्थीची कल्पना अशीच आहे. परिसराची शांतता बिघडवू शकणारे तंटे, दोघांची आधी संमती, आणि झालेला समेट कोर्टाच्या हुकुमासारखा बजावता येत नाही. पाण्याची रांग, पागोळीचं पाणी, उधारी, स्पीकरचा आवाज, हे इथे येतं. बायकांवरची मारहाण, मुलांवरचा लैंगिक अत्याचार, जातिवाचक अत्याचार, हत्यार, हे इथे येत नाही. एप्रिलमध्ये एका घरातून लहान मुलीबाबतचं प्रकरण ‘आपसात मिटवा’ म्हणून आलं. मंडळाने बसायलाच नकार दिला आणि त्याच तासाला मुलीच्या आईबरोबर दोघी पोलीस ठाण्यात गेल्या. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या, कायद्यात माहिती असून न कळवणं हाही गुन्हा आहे. ते घर आजही मंडळाशी बोलत नाही.

परिणाम

चोऱ्या थांबल्या असं म्हणता येणार नाही. पावसाळ्यात दोन मोबाइल गेले. फरक एवढा की त्या दोन्ही वेळा लोक आधी वहीकडे आणि मग ठाण्यात गेले. उत्पादन शुल्क खात्याकडे लेखी तक्रार केल्यावर अड्ड्यावर धाडी पडल्या, अड्डा नाल्यापलीकडे सरकला. त्या बाईला दुसरं काम लावून देऊ, असं सभेत बोललं गेलं होतं. ते झालेलं नाही. ती अजून थोडीफार विकते.

चौघांचा खटला जखमीच्या संमतीने मिटणाऱ्या स्वरूपाचा होता. समेटाचा विषय निघाला तेव्हा मी धास्तावले होते. वस्तीत राहणाऱ्या घराने वस्तीच्या दबावाखाली दिलेली संमती ही संमती नव्हे. म्हणून बोलणी मंडळाला यापासून दूर ठेवलं. मामाने स्वतः निवडलेला वस्तीबाहेरचा माणूस आणि प्राधिकरणाचा वकील, एवढेच बसले. चौघांनी सभेत उभं राहून माफी मागितली. दलप्रमुख होता तो मुलगा बोलता बोलता थांबला आणि खाली बसला, त्याच्याने पुढचं बोलवेना. प्रकरण लोकअदालतीत मिटलं.

वेगळं काय करता आलं असतं

दल नेमण्याआधी ‘काय करायचं नाही’ याची यादी हवी होती, आणि ती मी द्यायला हवी होती. वरच्या गल्लीतलं कुणी सुरुवातीपासून दलात असतं तर त्या रात्री ‘अरे, हा तर आमचा’ असं म्हणणारा एक तरी आवाज पायऱ्यांवर असता. मला वाटतं सगळं प्रकरण तिथेच थांबलं असतं.

ऑक्टोबरचा दंड हा इशारा होता. ज्या सभेने एका विधवेचं पाणी तोडलं, तिच्या दलाने महिन्याभरात एका मुलाला जाळीला बांधलं. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. मी कायदा फक्त मावशींच्या कानावर घातला. सभेत उभं राहून बोलले असते तर पोरांनीही ऐकलं असतं.

112 ला फोन दोन चाळीसला झाला, तो सव्वादोनला व्हायला हवा होता. आणि मुलाला दवाखान्यात न्यायला आम्ही पोलिसांच्या गाडीची वाट पाहिली. रक्त येत होतं, खाली रिक्षा उभ्या होत्या.

वरच्या गल्लीतल्या बायका आता सभेत येतात, पण समाजमंदिराच्या त्या जाळीच्या बाजूला बसत नाहीत. जाळी काढून भिंत घालायचा ठराव झालाय, पैसे जमायचेत.

त्या मुलाचं कुटुंब मार्चमध्ये ठाण्याच्या पुढे, दिवा स्टेशनच्या भागात, राहायला गेलं. तिथे भाडं कमी आहे, असं मामाने सांगितलं. सामान टेम्पोत चढवताना मावशी गेल्या होत्या. मुलाच्या आईने त्यांना हंडा परत दिला. त्या सकाळच्या गर्दीत दोघींचे हंडे बदलले गेले होते, आणि चार महिने दोघींपैकी कुणीही तो विषय काढला नव्हता.